डोंगर सांगेल तो रेडिओ

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपण शाळेतच पाठ केलेले असते. कळसूबाई, उंची १६४६ मीटर. परीक्षेत एक गुण मिळवून देणारी ही बाई प्रत्यक्षात भेटते ती अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी गाठायची, घोटीला वळून भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा आणि बारी या पायथ्याच्या गावात उतरायचे. समोर पाहिले की टोपी सावरावी लागते, इतका डोंगर जवळ उभा असतो.

ही वाट चढणाऱ्यांच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या असतात, दशम्या असतात, कॅमेरा असतो. एखाद्याच्या पिशवीत मात्र डब्याएवढी एक पेटी, तारेचे वेटोळे आणि एक बॅटरीही असते. हा माणूस हौशी रेडिओवाला, म्हणजे 'हॅम'. आकाशवाणीचा रेडिओ फक्त ऐकवतो. हॅमच्या पेटीतून ऐकताही येते आणि बोलताही येते, म्हणून तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, कंपनीचे बिल नाही. एका अँटेनेवरून निघालेला आवाज थेट दुसऱ्या अँटेनेवर पोचतो.

या छंदात नव्याने येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "किती वॉटचा संच घेऊ?" दुकानदाराकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते आणि ते बहुधा महाग असते. कळसूबाईचा परिसर दोन दिवस हिंडले, तर प्रश्नच बदलतो. मी कुठे उभा राहणार आहे, आणि माझा आवाज कुणापर्यंत पोचायला हवा? याचे उत्तर आधी ठरले की संच निवडणे सोपे होते.

चढाई तीनएक तासांची. सुरुवातीला भातखाचरे, मग कातळ, आणि सरळसोट कड्यांना टेकवलेल्या लोखंडी शिड्या. या डोंगराची कथाही ऐकण्यासारखी आहे. कळसू नावाची कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, ती अट घालूनच. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी तिला तेच काम सांगितले, तशी ती उठली, डोंगर चढून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. नवरात्रात तिच्या दर्शनाला गावोगावची माणसे लोटतात. माथ्यावरचे तिचे देऊळ जेमतेम दोन-तीन माणसे मावतील एवढे.

देवळापाशी उभे राहिले की दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी चमकते, त्यामागे रतनगड, दूर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ही गिर्यारोहकांची दमछाक करणारी त्रयी. उत्तरेला नाशिककडचे डोंगर. डोळ्यांना दिसते ते सारे इथे रेडिओलाही दिसते, आणि पहिला धडा हाच.

हातात मावणारा, पाव किलोच्या आसपास वजनाचा, पाच वॉटचा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. या लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. शहरातल्या गल्लीत असा संच दोन-चार किलोमीटरवर थकतो. तोच संच कळसूबाईवर उघडला, तर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत असलेले नाशिक शेजारच्या वाड्याइतके जवळ येते. वाटेत दुसरा डोंगर नसेल, समोरच्याची अँटेना चांगली असेल, तर शंभर किलोमीटरपलीकडेही गप्पा होऊ शकतात. वॉट तेवढेच, फक्त आपण १६०० मीटर वर आलो. म्हणून ज्यांना गडकोट चढायचे आहेत आणि गटातल्या मागच्या-पुढच्यांशी किंवा जवळच्या शहराशी बोलायचे आहे, त्यांना हा छोटा संच पुरतो. पैसे उरलेच तर संचासोबत आलेली आखूड अँटेना बदलून लांब, चांगली अँटेना घ्यावी. त्या खर्चाचा उपयोग जास्त होतो.

इथे वॉटचा हिशेबही सांगून टाकतो. समोरच्याच्या संचावर आवाजाची ताकद दाखवणारा काटा असतो. तो एक घर पुढे सरकवायला चौपट शक्ती लागते. म्हणजे पाच वॉटचे वीस केले तर एकच घर, आणि शंभर केले तरी दोनच्या थोडे वर. शंभर वॉटसाठी बॅटरी मात्र पाठीवर वाहावी लागते. शिड्या चढताना तो हिशेब गुडघ्यांना लगेच कळतो.

आता डोंगर उतरून भंडारदऱ्याला शेंडी गावाजवळ मुक्काम करू. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ सालचे. पावसाळ्याच्या तोंडाशी इथली झाडे काजव्यांनी लखलखतात आणि ते पाहायला शहरातून गाड्यांच्या रांगा लागतात. तळ्याकाठी तंबू ठोकून तोच हातातला संच पुन्हा उघडा. नाशिक गप्प! काल ज्या कळसूबाईने आपल्याला खांद्यावर घेतले होते, तीच आता आपल्या आणि नाशिकच्या मध्ये पाठ करून उभी आहे. पाचाऐवजी पन्नास वॉट लावले तरी डोंगर सरकत नाही.

इथे दुसऱ्या जातीचा संच लागतो, लघुलहरींचा. त्यातला ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशातल्या हॅम मंडळींचा गप्पांचा कट्टाच आहे. अँटेना म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन साध्या तारा, मध्यभागी संचाकडे येणारी केबल. दोन झाडांना, जमिनीपासून तीन-चार मीटरवर ती बांधली तरी चालते. उलट इतकी खाली असल्यामुळेच तिचा आवाज सरळ वर जातो. अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा विद्युतभारित थर त्याला परत खाली वळवतो आणि कारंज्याच्या पाण्यासारखा तो चहूबाजूंना काहीशे किलोमीटरच्या परिसरात पडतो. डोंगर मध्ये असला तरी आवाज त्याच्या डोक्यावरून गेलेला असतो. दिवसा हे फार छान जमते. रात्र पडली की तो थर विरळ होतो. मग जवळची मंडळी ऐकू येईनाशी होतात आणि दूरदूरची ऐकू येऊ लागतात. म्हणून दरीतून घरच्या गावाशी बोलायचे असेल तर वेळ दिवसाची ठरवावी.

असे संच पाठीवर नेण्याजोगे झाले ते गेल्या पाव शतकात. याएसूचा एफटी-८१७ हा २००० सालाच्या सुमारास आला आणि त्याने अनेकांना डोंगरांवर नेले. बॅटरीसह साधारण सव्वा किलोची पेटी, पाच वॉट, आणि लघुलहरींपासून वरच्या पट्ट्यांपर्यंत सगळे एकाच ठिकाणी. त्याचा धाकटा भाऊ एफटी-८१८ हा २०१८ मध्ये सहा वॉट घेऊन आला आणि २०२२ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. आता तो घ्यायचा तर जुन्या बाजारातून. त्याच वर्गात आयकॉमचा आयसी-७०५ आहे, २०२० मध्ये आलेला. स्वतःच्या बॅटरीवर पाच वॉट, बाहेरच्या बॅटरीवर दहा, आणि पडद्यावर कोण कुठे बोलतो आहे याचे चित्र. वजन साधारण ११०० ग्रॅम. एलेक्राफ्टचा केएक्स-२ त्याहून पुष्कळ हलका, पण तो लघुलहरींपुरताच. कळसूबाईवरून नाशिकशी गप्पा मारायला वेगळा हातसंच लागेल. झीगूचा जी-९० वीस वॉटचा, तोही लघुलहरींचाच.

यांतला उत्तम कोणता? डोंगरमाथा आणि दरी दोन्ही करायच्या असतील तर सगळे पट्टे असलेला घ्या. पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम मोजणारे असाल तर हलका घ्या. गाडीतून उतरून शंभर पावलांवर तंबू ठोकणार असाल, तर वीस वॉटचा घ्यायला हरकत नाही. जुना संच घेताना तीन गोष्टी पाहा: अँटेनेची खोबण सैल आहे का, बोलताना पूर्ण शक्ती बाहेर पडते का, आणि बॅटरी किती वेळ टिकते. एफटी-८१७ सारखा संच नुसते ऐकताना जेवढी वीज खातो, तिच्या कितीतरी पट, म्हणजे सुमारे दोन अँपिअर, बोलताना खातो. म्हणून रानात नियम एकच: ऐकावे पुष्कळ, बोलावे थोडे. चारचौघांतही तो वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्याला वळसा घालून साम्रद गावाला जावे आणि सांदण दरीत उतरावे. पावसाळ्यात मात्र नको. तेव्हा दरीतून पाण्याचा लोंढा येतो. दोन्ही बाजूंना उभे काळे कडे, मध्ये चिंचोळी फट, खाली मोठमोठे धोंडे, आणि डोक्यावर आकाशाची चिंधी. इथे मोबाइल मुका होतो. हातसंचाचा आवाज कड्यांवर आपटून परत येतो. लघुलहरींचा संच आहे, पण तार कुठे बांधणार? पेटी कितीही चांगली असली तरी तिलाही मर्यादा आहेत, हे इथे कळते. उपाय पेटीत नसतो, आखणीत असतो. दरीच्या तोंडाशी, वर, एका साथीदाराला दुसरा संच देऊन बसवावे. दरीतल्याचा निरोप त्याने घ्यायचा आणि पुढे पोचवायचा. त्याहून महत्त्वाचे, निघण्यापूर्वी गावाकडच्या माणसाला सांगून ठेवावे, "अमुक वाजता, अमुक पट्ट्यावर हाक मारीन. दोनदा आवाज आला नाही, तर शोध घ्या." ही एक चिठ्ठी शंभर वॉटना भारी आहे.

याच सह्याद्रीत, दक्षिणेला आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या मार्गावरच्या एसटीच्या चालकाला रोजचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा बातमी बाहेर पडली. रेडिओ असता तर ती माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण दरीतल्या गावाचा आवाज डोंगरापलीकडे पोचणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

आणि पोचतो तेव्हा काय होते, तेही आपल्या देशाने पाहिले आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानला गेल्या होत्या. तिथून हौशी प्रक्षेपणाची परवानगी तेव्हा क्वचितच मिळत असे, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी दोन शब्द बोलायला टपून बसले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली. ज्या संचांवर आदल्या दिवशीपर्यंत हौसेच्या गप्पा चालल्या होत्या, त्यांवरूनच मग खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. त्या दिवशी उपयोगी पडली ती रोजची सवय. तारा बांधलेल्या होत्या, हात सरावलेले होते, आणि पलीकडे ऐकणारे कान होते. कपाटात नवा कोरा ठेवलेला संच आपत्तीच्या दिवशी बाहेर काढला, तर त्याची बटणे समजेपर्यंत संध्याकाळ होते.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. हातसंच दुकानात सहज दिसतात म्हणून ते कुणीही वापरावेत असे नाही. बोलण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, आणि मग आपल्याला 'व्हीयू'ने सुरू होणारे स्वतःचे बोलनाव मिळते. शाळकरी मुलांनाही ही परीक्षा देता येते. परवान्यात जागेची नोंद असते, तेव्हा डोंगरावरून बोलण्याची मुभा आपल्या परवान्यात आहे ना, याची खात्री आधीच करून घ्यावी. या लहरींवर व्यापार चालत नाही, राजकारण चालत नाही, गुप्त भाषाही चालत नाही. बोललेले सर्वांना ऐकू जाते, हे लक्षात ठेवूनच तोंड उघडायचे. आणि पश्चिमेला वळवाचे ढग दाटू लागले, की माथ्यावरची तार आधी उतरवायची, गप्पा कितीही रंगल्या असोत. वीज कुणाचाही परवाना विचारत नाही.

घरातल्या मुलामुलींना सुट्टीत या वाटेने जरूर न्या. संच नसेल तर एखाद्या परवानाधारक हॅमची सोबत शोधा. ही मंडळी नवख्याला ऐकवायला नेहमी उत्सुक असतात. शिड्या चढून, घाम पुसून, मुलाने कानाला संच लावला आणि पलीकडून एखादा अनोळखी आवाज "तुमचा आवाज स्वच्छ येतोय, कुठून बोलताय?" असे विचारू लागला, की भूगोलाच्या पुस्तकातले शिखर त्याच्यासाठी कायमचे खरे होते. उत्तर द्यायला त्याला पुस्तक उघडावे लागत नाही. तो तिथेच उभा असतो.