भंडाऱ्याचे अकरा सेकंद

ताईच्या लग्नाच्या अख्ख्या शूटिंगमध्ये आप्पा, म्हणजे माझे आजोबा, नीट दिसतात ते एकाच ठिकाणी. जेजुरीला. लग्नानंतर नव्या जोडीबरोबर खंडोबाच्या दर्शनाला गेलो होतो. रिवाजाप्रमाणे दाजींनी ताईला उचलून पाच पायऱ्या चढायच्या होत्या. ते पहिली पायरी चढतात न चढतात तोच गर्दीतून आप्पा पुढे येतात, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणतात आणि मूठभर भंडारा वर उधळतात. हा शॉट अकरा सेकंदांचा आहे. या अकरा सेकंदांपायी मी पुढे कित्येक रात्री जागलो.

लग्न २००६ सालचं. शूटिंगवाल्यानं दोन डीव्हीडी दिल्या होत्या. पहिलीत हळद आणि लग्न, दुसरीत वरात, जागरण-गोंधळ आणि जेजुरी. प्रत्येक डिस्क दीड तासाची, जवळजवळ काठोकाठ भरलेली. आत्याला, दोन्ही मामांना, सगळ्यांनाच प्रत हवी होती. दोन डिस्कचं मिळून एकीत बसवावं, म्हणजे ठेवायलाही सोपं, असं मी ठरवलं. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात दोन्ही डिस्क घातल्या, ४.७ जीबीची मर्यादा सांगितली आणि झोपलो. सकाळी डिस्क तयार होती. तिच्या पाच प्रती काढून वाटल्या. घरच्या २९ इंची जुन्या टीव्हीवर सगळं ठीक दिसायचं. पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर कडा मुळातच थोड्या मऊ व्हायच्या, त्यामुळे बरंच काही झाकून जायचं.

२०११ साली आप्पा गेले. २०१४ च्या दिवाळीत नवा सपाट टीव्ही आला, तेव्हा आईनंच ती डिस्क लावायला सांगितली. जेजुरी जवळ आली तशी ती सरसावून बसली. म्हणाली, “थांबा रे, आता आप्पा येतील.” आप्पा आले, हात वर गेला, भंडारा उडाला आणि चित्र फुटलं. पिवळ्या ढगाच्या जागी पिवळे चौकोन, एकाला एक चिकटलेल्या फरश्यांसारखे. आप्पांचा चेहराही तसाच, कपाळाचा एक चौकोन, गालाचे दोन. दर अर्ध्या सेकंदाला चित्र क्षणभर सावरायचं आणि परत विस्कटायचं. आई काही बोलली नाही. तिनं फक्त रिमोट खाली ठेवला.

मूळ डिस्क काढली. तिच्यावर शूटिंगवाल्यानं नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर चिकटवला होता. तो एका बाजूनं सुटून फुगला होता, आणि कुठलाही ड्राइव्ह ती डिस्क वाचेना. ज्यांच्याकडे डिस्क चांगल्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं, की घरी लिहिलेल्या डिस्कवर कागद चिकटवू नये. आम्ही शूटिंगवाल्याकडे विचारलं, तर शूटिंगच्या मूळ टेपांवर केव्हाच दुसरी लग्नं चढली होती. म्हणजे मी नुसती सोयीची म्हणून केलेली प्रत आता अस्सल होऊन बसली होती.

मग मी नेमकं काय केलं होतं, ते समजून घ्यायला बसलो. डीव्हीडीतलं चित्र एमपीईजी-२ पद्धतीनं साठवतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक फ्रेम ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असते. तिचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडतात, म्हणजे एका फ्रेमचे ६,४८० तुकडे. प्रत्येक तुकड्याचा सरासरी उजेड आधी नोंदवतात, मग त्यावर ठळक चढउतार, मग बारीक चढउतार. जागा कमी पडली की आधी बारीक चढउतार टाकून देतात. फारच कमी पडली तर शेवटी उरते ती सरासरी, म्हणजे एकरंगी चौकोन. रंगाची माहिती तर मुळातच आडवी-उभी निम्मी ठेवलेली असते, म्हणून रंगाचा एक तुकडा पडद्यावर सोळा बाय सोळा ठिपके व्यापतो. पांढऱ्या सदऱ्यापेक्षा हळदीचा रंग जास्त का फुटला, ते इथं कळलं.

दुसरी गोष्ट हालचालीची. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मांडवाचा खांब मागच्या फ्रेममध्ये होता तिथंच आहे, नवरदेवाचा फेटा चार ठिपके डावीकडे सरकला, एवढंच लिहितात. त्यानं प्रचंड जागा वाचते. पण उधळलेल्या भंडाऱ्याला ‘मागच्या फ्रेममधला तोच कण’ असं काही नसतं. प्रत्येक कण स्वतंत्र, प्रत्येक क्षणी नव्या जागी. पाऊस, धूर, अक्षता, ढोल-ताशाच्या मिरवणुकीतला गुलाल, सगळ्यांची हीच गत. जिथं जास्तीत जास्त जागा द्यायला हवी, नेमकं तिथंच मी हात आखडता घेतला होता. मूळ डिस्कवर सेकंदाला सुमारे ७ मेगाबिट होते. तीन तास एका डिस्कवर कोंबल्यावर साडेतीन राहिले. त्यात ते सॉफ्टवेअर चित्र नव्यानं बांधत नव्हतंच. आहे त्याच नोंदींमधले बारीक चढउतार छाटत होतं. एका फ्रेममधली चूक पुढच्या फ्रेममध्ये उतरायची, तिथून पुढच्या. साधारण बारा फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम आली की सगळं निवळायचं. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे बरोबर ते अर्ध्या सेकंदाचं सावरणं.

फुटलेलं चित्र सांधायचाही प्रयत्न केला. चौकोनांच्या कडा मऊ करणारे फिल्टर असतात. त्यांनी फरश्यांच्या भेगा बुजल्या, पण आप्पांचा चेहरा मेणाचा झाला. टाकून दिलेले चढउतार कुठलाही फिल्टर परत आणत नाही.

२०१९ मध्ये ताईच्या सासरी, सासवडला, एका पूजेला गेलो होतो. बोलता बोलता त्या शूटिंगचा विषय निघाला आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही माई म्हणतो, उठून आत गेल्या. शूटिंगवाल्यानं वरपक्षालाही दोन डिस्क दिल्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माईंनी त्या लग्नपत्रिकेबरोबर सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या, स्टिकरशिवाय, नुसत्या पेननं नाव लिहिलेल्या. त्यांनी विचारलं, “चालेल का रे?” मला उत्तर सुचेना.

घरी येऊन सगळ्यात आधी दोन्ही डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा करून घेतली, काहीही न दाबता. दुसऱ्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला ड्राइव्ह अडखळत होता. त्यासाठी डीडीरेस्क्यू वापरलं. ते न वाचलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि तेवढ्याच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. मित्राचा जुना ड्राइव्ह आणून त्याच्यावर तेच काम पुढे चालवलं, तेव्हा राहिलेले तुकडेही निघाले.

टीव्हीवर आणि फोनवर बघायची प्रत नंतर हँडब्रेकमध्ये, एक्स-२६४ वापरून केली. या वेळी तीन तास एकदम लावले नाहीत. आधी फक्त ते अकरा सेकंद कापून तेवढेच दाबून बघितले. चित्रपट दाबायचा असो की बारशाचं शूटिंग, त्यातला सगळ्यात अवघड तुकडा आधी शोधावा. तो टिकला तर बाकीचं टिकतंच. पूर्वी मी आकार ठरवायचो आणि दर्जा मिळेल तो घ्यायचो. आता दर्जा ठरवला आणि आकार होईल तो होऊ दिला. या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा एक आकडा असतो, तो जितका लहान तितकं चित्र चांगलं. २२ ला पिवळ्या ढगाच्या सावलीत चौकोन दिसत होते. १८ ला ढग स्वच्छ झाला, पण काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर अजून हलकी चौकट राहिली होती. काळोख्या, सपाट जागेत फारसं काही नाही असं समजून तिथं कमी जागा दिली जाते, आणि डोळ्याला ते नेमकं तिथंच खुपतं. १६ ला तेही गेलं.

एक घोळ मात्र बराच वेळ सुटेना. आप्पांचा हात वर जाताना बोटांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. त्या काळचे कॅमेरे एका फ्रेमच्या एकाआड एक अशा निम्म्या ओळी आधी आणि उरलेल्या ओळी एक पन्नासांश सेकंदानं नंतर टिपायचे. तशाच ठेवून दाबलं तर ते दाते साठवण्यातच जागा खर्च होते. दोन्ही अर्धी चित्रं वेगळी करून सेकंदाला ५० फ्रेम केल्या, तेव्हा हात सरळ वर गेला, मूठ उघडली, सगळं ओघानं. वरातीच्या रात्रीच्या भागावर कॅमेऱ्याची खरखर फार होती, तिथं ती कमी करणारा फिल्टर अगदी हलका लावला. जेजुरीवर तो मुद्दाम लावला नाही, कारण त्याला भंडाऱ्याचे कण आणि खरखर यांतला फरक कळत नाही.

या खटाटोपात आणखी एक गोष्ट दिसली. मूळ डिस्कवर आवाज अजिबात न दाबलेला होता, सेकंदाला दीड मेगाबिट खाणारा. २००६ मध्ये मी तेवढा आवाज साध्या १९२ किलोबिटवर आणला असता, तरी प्रत्येक डिस्कमागे ९०० एमबी चित्राला मिळाले असते. शिवाय तीन तास एकाच डिस्कवर बसवायची सक्ती कुणीच केली नव्हती. कोऱ्या डिस्क तेव्हाही स्वस्त होत्या.

नवी फाइल लावली तेव्हा आई आणि मी दोघंच होतो. आप्पा पुढे आले. भंडारा उडाला आणि हवेत पसरला, कण न् कण, मागच्या दीपमाळेवर पिवळी धूळ उतरताना दिसली. आई एकदम म्हणाली, “थांबव. जरा मागे घे.” घेतलं. आप्पांच्या डाव्या हातात भंडाऱ्याची पिशवी होती. जुन्या प्रतीत तिथं एक तपकिरी चौकोन होता, ती पिशवी आहे हेही कुणाला कळलं नव्हतं. आता तिच्यावरची बारीक नक्षी आणि काठ दिसत होता.

“तुझ्या वेळच्या डोहाळजेवणाचा खण आहे तो,” आई म्हणाली. “त्याची पिशवी मीच शिवून दिली होती त्यांना.”