खांदा बसला की कोट बसला

सुटाचं कापड घ्यायला माणूस पुण्यात लक्ष्मी रोडवर सहकुटुंब जातो. गादीवर ऐसपैस बसतो, एकामागून एक ठाण उलगडायला लावतो, पोत बोटांत चोळून पाहतो, रंग पारखायला कापड दारातल्या उजेडात नेतो आणि भारीतलं कापड फाडून घेऊन ऐटीत बाहेर पडतो. तोच माणूस शिंप्याकडे गेला की बसायच्या आधी विचारतो, 'शिलाई किती?' आणि आकडा ऐकला की त्याचा चेहरा पडतो. माझ्या मते हा हिशोब उलटा आहे. मध्यम कापडाचा, नीट शिवलेला कोट माणसाला शोभतो. भारी कापडाचा, घाईत शिवलेला कोट फक्त हँगरला शोभतो.

भाचीचं लग्न ठरलं आणि ताईनं फर्मान काढलं, "मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागे मामा म्हणून तू उभा राहणार. अल्बमभर तूच दिसणार. तो लोंबता कोट घालून येऊ नकोस." लोंबता कोट म्हणजे माझा तयार घेतलेला कोट. छातीत बसायचा, पण मानेमागे कॉलर सुटून उभी राहायची आणि उजव्या काखेखाली एक तिरकी घडी कायमची पडलेली. इस्त्री करून करून बायको थकली, घडी काही गेली नाही.

कापड पटकन घेतलं. विक्रेता 'सुपर १५०' च्या खाली उतरायला तयार नव्हता. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारकाईचा असतो. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १५० म्हणजे १६.२५ पर्यंत. आकडा वाढतो तसं कापड तलम होत जातं, किंमत चढत जाते, आणि ते चुरगळतंही लवकर. स्कूटरवरून फिरणाऱ्या, वर्षातून चार समारंभांना जाणाऱ्या प्राध्यापकाला असलं तलम कापड काय करायचं? मी सुपर १०० मधला गडद निळा पसंत केला. लोकर खरी की नावापुरती, हे बघायची जुनी रीतही वापरली. काठाचा एक धागा ओढून बाहेर पायरीवर काडीनं पेटवला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत भुरभुरीत झाली. पॉलिएस्टर असतं तर वितळून टोकाला टणक मणी झाला असता. विक्रेता दारातून बघत होता, पण काही बोलला नाही.

शिंपी मास्टरांचं दुकान कॅम्पात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. भिंतीवर संत नामदेवांची तसबीर, खाली लांबलचक कटिंगचं टेबल. माणूस मूळचा बार्शीकडचा, वय सत्तरीच्या आसपास, गळ्यात टेप. मी जिना चढून दारातून टेबलापर्यंत चालत गेलो तेवढ्यात त्यांचं अर्धं माप घेऊन झालं होतं, हे मला नंतर कळलं.

"साहेब, खांद्याला बॅग लावता काय?"

तीस वर्षं शबनम लावतो, म्हटलं.

"उजवा खाली आहे. अर्धा इंच. उजव्या हाताचं काम ज्याला जास्त, त्याचा बहुधा असतोच. बॅगेनं अजून जरा." मग मापं सांगताना त्यांनी वही लिहिणाऱ्या पोराला छाती, पोट, सीट, बाही असे आकडे सांगितलेच, पण मध्येच 'उजवा खाली', 'पाठ गोल', 'पोट पुढं' असे शेरेही घालत गेले. वर्षानुवर्षं फळ्याकडे आणि वह्यांकडे वाकलेल्या माणसाच्या शरीराचं इतकं सडेतोड वर्णन डॉक्टरनंही कधी केलं नव्हतं. मी आपोआप छाती काढून ताठ झालो, तर म्हणाले, "फोटोला उभं राहू नका. बसस्टॉपवर उभं राहता तसं राहा."

काखेतल्या घडीचा उलगडा तिथे झाला. तयार कोट दोन्ही खांदे सारखे धरून कापलेला असतो. माझा उजवा खांदा खाली, त्यामुळे त्या बाजूचं कापड खाली घसरायचं आणि काखेपाशी गोळा व्हायचं. कॉलर सुटायची ती पाठीच्या गोलाईमुळे. वाकलेल्या पाठीला मागचा भाग जरा लांब लागतो, तो नसला की कोट मानेपासून मागे ओढला जातो. यातलं काहीच छातीच्या मापात उमटत नाही. बेचाळीस छातीची दहा माणसं उभी केली तर दहा वेगळे कोट लागतील.

मग शिलाईचा भाव. मास्टरांनी विचारलं, फ्यूजिंग की कॅनव्हास? फ्यूजिंग म्हणजे कोटाच्या पुढच्या भागाला आतून गोंदाचं अस्तर गरम दाबानं चिकटवायचं. काम झटपट, स्वस्त, आणि सुरुवातीला दिसतंही छान. काही ड्रायक्लीननंतर गोंद सुटला की छातीवर फोड आल्यासारखं कापड फुगतं. कॅनव्हासमध्ये घोड्याचे केस घालून विणलेलं कापड हातटाक्यांनी आत बसवतात. ते मोकळं राहतं आणि घालून घालून छातीचा आकार घेतं. तयार कोटात काय आहे हे बघायचं तर खालच्या काजाजवळ बाहेरचं कापड आणि आतलं कापड चिमटीत धरून वेगळं करायचं. मध्ये तिसरा थर सुटा लागला तर कॅनव्हास. मी छातीपर्यंत कॅनव्हास आणि खाली फ्यूजिंग असा मधला मार्ग घेतला. शिलाई कापडाच्या किमतीला जाऊन भिडली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तसबिरीकडे.

पहिल्या ट्रायलला जे अंगावर चढवलं त्याला कोट म्हणायला धीर हवा. कॉलर नाही, एकच बाही, सगळीकडे पांढरा धावदोरा. मास्टर माझ्याभोवती एक फेरी मारून आले, खडूनं दोन रेघा ओढल्या, टाचण्या खोचल्या आणि ती एकुलती बाहीही उसवून टाकली. माझे हात सैल सोडल्यावर जरा पुढे येतात, म्हणून बाही तेवढी फिरवून लावायची, नाहीतर कोपराच्या वर वळ्या पडणार. उजवीकडे पॅड थोडं जाड घेतलं, पण दोन्ही खांदे एकसारखे होईपर्यंत नाही. "पुरतं भरलं तर उशी ठेवल्यागत दिसतं," असं त्यांचं म्हणणं. मला हे फार पटलं. व्यंग झाकायचं, पण झाकलंय हे दिसू द्यायचं नाही.

दुसऱ्या ट्रायलला मुंढ्यावरून, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भोकावरून, वाद झाला. मुंढा वर घेतल्यामुळे काखेत कोट लागत होता आणि मी म्हटलं, जरा सैल करा, हात हलायला नको का? मास्टर हसले. "अक्षता टाकून दाखवा." मी रिकामी मूठ उंचावली. बाही वर गेली, पण कोट जागचा हलला नाही. मग त्यांनी खुंटीवरचा एक सैल मुंढ्याचा कोट घालायला दिला आणि पुन्हा हात वर करायला सांगितला. अख्खा कोट हाताबरोबर उचलला गेला, कॉलर कानाशी. "आता वाकून नमस्कार करा." तेही केलं, टेबलालाच. लग्नात मामाला हेच करायचं असतं. सैल मुंढा म्हणजे मोकळा हात हा माझा समज तिथे, आरशासमोर, निकालात निघाला.

बाकीचं त्यांनी भराभर उरकलं. शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर, कोट सीट झाकेल एवढा, पँट बुटावर जेमतेम टेकणारी. पँट शिवणारा कारागीर वेगळा, कोटाचा वेगळा. पोटाला वाढायची सवय आहे म्हणून मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी माया ठेवली. "कंबर पुढं-मागं करता येते, बाही आखूड-लांब होते. खांदा मात्र एकदा बसला की बसला. तो बिघडला तर कोट उसवून पहिल्यापासून करावा लागतो." तयार कोट घेणाऱ्यालाही हेच सांगेन. आधी खांदा बघा, पोटाचं नंतर कुणीही करून देईल.

आमच्याकडे कोट परका नाही. माझे आजोबा धोतरावर काळा अल्पाकाचा कोट घालून कचेरीत जात. बाबासाहेबांचा पुतळा महाराष्ट्रात कुठेही पाहा, अंगात बहुधा सूट असतो, आणि तो सूट खांद्यावर निवांत बसलेला असतो. म्हणजे पुतळे घडवणाऱ्यांनाही हे कळलं होतं, आमच्या लग्नांतल्या सुटांनाच तेवढं कळलेलं नाही.

लग्नात फेटा बांधून, कोट घालून मी भाचीच्या मागे उभा राहिलो, अक्षता टाकल्या, थोरामोठ्यांना वाकून नमस्कार केले. ताईनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कामाला लागली. तिच्याकडून एवढं म्हणजे प्रशस्तिपत्रच. पंगतीत वरपक्षाकडचे एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. कोटाची बाही दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं, "कापड कुठलं हो?" मी कापडाचं सांगितलं आणि मास्टरांचंही भरभरून सांगितलं, अगदी मुंढ्यासकट. त्यांनी मन लावून ऐकलं, मास्टरांचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि जिलेबीचा तुकडा मोडत म्हणाले, "शिलाईत काही कमी करतात का?"