कापिशायनापासून शेरीपर्यंत

शाळेंत संस्कृत शिकवितांना 'कापिशायन' हा शब्द आम्हीं अनेकदां फळ्यावर लिहिला. काबूलच्या उत्तरेस असलेल्या प्राचीन कापिशी नगरीवरून तो पाणिनीनें साधिला. कौटिल्यानें द्राक्षांच्या मद्याचें तें एक नांव म्हणून सांगितलें. परंतु गांवाचें नांव मद्यास कां मिळावें, याचें उत्तर व्याकरणांत नाहीं. तें आम्हांस साठी उलटल्यावर चिकलठाण्याच्या आमच्या घरीं मिळालें.

आमचे चिरंजीव येथील औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहेत. त्यांची मित्रमंडळी अधूनमधून जमून निरनिराळ्या देशांच्या वाइन पारखतात. यंदा स्पेनची पाळी होती. पेला उजेडांत धरावयाचा, हुंगावयाचा, घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकावयाचा आणि मत वहींत टिपावयाचें, अशी ही रीत. आम्हीं प्रथम पुस्तकें वाचिलीं, मग चार थेंब जिभेवर घेतले.

रिओहाची तांबडी वाइन तेंप्रानियो द्राक्षाची. हें द्राक्ष लवकर पिकतें, म्हणून त्यास हें नांव. आपल्याकडे परिचित असलेली 'शेरी' म्हणजे हेरेथ या गांवाच्या नांवाचा इंग्रजी अपभ्रंश! तेथील फिनो जातीच्या शेरीवर पिंपांत किण्वाची पांढरी साय धरते. ती हवेस आंत शिरूं देत नाहीं. तिचा गंध थेट भिजविलेल्या बदामांचा. ही साय धरावयास तेथलें हवामान पोषक असतें. गांवाचें नांव मद्यास मिळतें तें असें.

नैसर्गिक म्हणविणारी वाइन मात्र आम्हांस अनोळखी वाटली नाहीं. तींत बाहेरचें किण्व घालीत नाहींत. द्राक्षाच्या सालीवर व तळघरांत असतें तेंच काम करितें. गंधकाचा अंशही नाममात्र, किंवा मुळींच नाहीं. म्हणून ती गढूळ, लहरी, आणि आमच्या वैशाखांतील उन्हाळा न सोसणारी. आपल्या वैद्यांचें द्राक्षासवही धायटीच्या फुलांबरोबर येणाऱ्या किण्वानेंच सिद्ध होतें.

आमच्या धाकट्या भगिनींनीं एकदां स्पष्टच विचारिलें, "दादा, उद्यां नातवंडांनीं हेंच केलें तर त्यांना काय सांगणार?" प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मद्यानें बसलेलीं घरें या वसाहतींत आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांतील कित्येकांचीं मुलें आमच्या वर्गांत होतीं. आम्हीं उत्तर दिलें, "ताई, जें लपवून होतें त्याचें व्यसन होतें. आमची बाटली दिवाणखान्यांत आहे, आणि वही तिच्याशेजारीं आहे."

त्यांचें समाधान झालें नाहीं, व तें होऊं नये हेंच बरें. घरांत पारख करणारा एक असावा, तसा पहारा करणाराही एक असावा. वाचकांनीं बाटली आणावी असा आमचा आग्रह नाहीं. नकाशा मात्र अवश्य आणावा. परवां नातवानें त्यावर हेरेथ शोधून काढलें. कापिशी कोठें, तें आम्हीं दाखविलें.