मामाचं मशीन आणि माझा तक्ता

आपल्या मेसमध्ये ज्या तपकिरी द्रवाला चहा म्हणतात, तो पिऊन मी कॉफीवर लेख लिहितोय. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी!

माझ्या मामाची सगळी नोकरी बंगलोरला गेली. रिटायर होऊन तो सांगलीला आला, तो पितळी फिल्टर आणि कॉफीचं वेड बरोबर घेऊनच. मागच्या वर्षी जर्मनीला मुलाकडे राहून आला आणि तिथे एस्प्रेसोच्या प्रेमात पडला. दादा दिवाळीला येणार होता, त्याच्याबरोबरच मशीन आणायचं ठरलं. मामाने त्यासाठी एक रक्कम बाजूला काढली आणि मला फोन केला, "तू इन्स्ट्रुमेंटेशनचा ना रे? दोन मशिनांवर गाडी अडलीय. तू सांगशील ते घेऊ."

"तू सांगशील ते!" हे वाक्य मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. वायवात तर नाहीच नाही.

दोन्ही मशिनं इटालियन. एक 1991 साली आलेलं गाज्जा क्लासिक (मामी त्याला 'गाजर' म्हणते) आणि दुसरं 1997 सालचं रान्चिलिओ सिल्व्हिया. गाज्जा हे मिलानच्या अकिले गाज्जाचं आडनाव. त्याच्या आधीची मशिनं वाफेच्या जोरावर चालत, दाब जेमतेम दीड बार. याने 1948 साली तरफेचं मशीन बाजारात आणलं, दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि कॉफीवर तो सोनेरी फेस दिसायला लागला. रान्चिलिओ ही 1927 पासून हॉटेलांची मशिनं बनवणारी कंपनी. सिल्व्हिया हे तिचं घरगुती अपत्य.

आता कामाचं. दोन्हींत बॉयलर एकच. कॉफीसाठी पाणी 93 अंशांच्या आसपास हवं आणि दूध फेसाळायला वाफ, म्हणजे तोच बॉयलर आणखी तापवायचा. कॉफीची चाळणी दोन्हींत 58 मिलिमीटरची, हॉटेलातल्या मशिनांसारखीच. सिल्व्हियाचा पितळी बॉयलर 300 मिलीचा, त्यामुळे वाफ जोरदार, पण तापायला वेळ. गाज्जाचा त्याच्या निम्म्याहूनही लहान. लवकर तापतो आणि वाफ लवकर संपते. किंमत सिल्व्हियाची बरीच जास्त. दोन्हींत साधा थर्मोस्टॅट, ऑन आणि ऑफ. तापमान वर-खाली झुलत राहतं. तिथे पीआयडी कंट्रोलर बसवला की झुलणं थांबतं. जगभरातले हौशी लोक हेच करतात.

पीआयडी म्हटल्यावर माझं काय झालं असेल, ते आमच्या ब्रँचवाल्यांना सांगायला नको! सॉलिड स्टेट रिले, थर्मोकपल, भला मोठा पितळी बॉयलर... सुट्टीत सिल्व्हिया उघडून बसलोय, असं मला दिसायलाच लागलं.

मग मी रीतसर तक्ता केला. निकष, वजनं, गुण. पहिल्या बेरजेत गाज्जा पुढे! मी म्हटलं, वजनं चुकली असतील. किमतीचं वजन 30 वरून 10 वर आणलं, बॉयलरचं 15 वरून 35 वर. आता सिल्व्हिया 82, गाज्जा 71. प्रिंट काढून मामाला पाठवला. मामा खूष. "भाच्याने अभ्यास केलाय," म्हणून शेजाऱ्यांनाही दाखवला.

चार दिवसांनी मामीचा फोन. "अरे, सगळं बरोबर आहे. पण बिया दळायच्या कशात? आपल्या मिक्सरमध्ये चालेल ना?"

मी गप्प. दळणाची ओळच तक्त्यात नव्हती.

ढोबळमानाने ओहमचा नियमच आहे हा. पंपाचा दाब म्हणजे व्होल्टेज, कॉफीची धार म्हणजे करंट आणि चाळणीत दाबून बसवलेली पूड म्हणजे रेझिस्टन्स. 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी उतरावी, असा एक सर्वमान्य हिशोब आहे. मिक्सर काही कण पिठासारखे करतो, काही रव्यासारखे. मग पाणी वाट मिळेल तिथून पळतं. काही पूड कडू होते, काही कोरडीच राहते. फिल्टरची तयार पूड घातली तर ती जाडसर, दहा सेकंदांत सगळं पाणी खाली. चांगल्या ग्राइंडरशिवाय सिल्व्हिया काय आणि गाज्जा काय! आणि मामाच्या रकमेत सिल्व्हिया घेतल्यावर ग्राइंडरला पैसे उरत नव्हते.

रात्रभर झोप नाही. सबमिशनच्या आदल्या रात्रीही मी इतका जागलो नव्हतो. सकाळी फोन करून सगळं सांगून टाकलं, वजनं फिरवली होती तेसुद्धा. मामा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. पण त्या तक्त्यात मी कुठल्या ओळीत होतो रे?"

ओरडला असता तर परवडलं असतं.

शेवटी गाज्जा आणि त्याच्या जोडीला बऱ्यापैकी ग्राइंडर, दोन्ही त्याच रकमेत बसलं. दादाच्या बॅगेतही बसलं. सिल्व्हिया एकटीच 14 किलोची, बॅगेची मर्यादा 23! पहिले आठ दिवस कॉफी भयंकर झाली. मामा वहीत रोज ग्रॅम आणि सेकंद लिहायचा, ग्राइंडर एकेक घर फिरवायचा. आता जमतंय. वाफ मात्र कमी पडते. एक कप दूध झालं की पुढच्यासाठी थांबावं लागतं. मामी तोवर आपला चहा टाकते.

पीआयडीचं भूत अजून डोक्यात आहे. मामा म्हणतो, बसव की, पण आधी विचार. आणि हल्ली सेमिनारला कोणी वजनांचा तक्ता दाखवला, की माझा एकच प्रश्न असतो: वजनं आधी ठरवलीस, की उत्तर?