जिब्राल्टरचा उंबरठा आणि थरथरणारी लेखणी

१/७
२४ फेब्रुवारी १९४४. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर अमेरिकी नौदलाची दोन कॅटलिना विमाने लाटांपासून जेमतेम तीस मीटर उंचीवर येरझारा घालीत होती. खाली नुसते पाणी दिसत होते. एवढ्यात विमानातील कागदी पट्टीवरची लेखणी थरथरली.

२/७
भूमध्य समुद्र कित्येक ठिकाणी हजारो मीटर खोल आहे. त्याचे पश्चिमेचे दार मात्र अरुंद आणि उथळ. सर्वांत चिंचोळ्या जागी रुंदी सुमारे १४ किलोमीटर. जवळच समुद्रतळ उंबरठ्यासारखा वर येतो आणि खोली ३०० मीटरांच्या आसपास उरते.

३/७
पृष्ठभागाजवळचा प्रवाह अटलांटिककडून आत वाहतो. त्यावर स्वार होऊन जर्मन पाणबुड्या जवळजवळ निःशब्द सरकत. क्षार आणि तापमान यांच्या थरांमुळे ध्वनिलहरी वाकतात. त्यामुळे सोनारही येथे फसे.

४/७
पोलादाची पाणबुडी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म विक्षेप निर्माण करते. पाण्याचे थर तो अडवू शकत नाहीत. अंतर वाढताच मात्र तो झपाट्याने क्षीण होतो. यंत्राची पोच शंभर-सव्वाशे मीटरच. खुल्या महासागरात ही पोच तोकडी ठरली असती. चिंचोळ्या दारात तीच पुरेशी होती.

५/७
खूण मिळेपर्यंत विमान पुढे गेलेले असे. म्हणून त्याच्या वेगाइतक्याच वेगाने मागे सुटणारे अग्निबाण बनवले गेले. दोन्ही वेग परस्परांना छेदत आणि बाण सरळ खाली पडे.

६/७
त्या दिवशी सापडलेली यू-७६१ विमाने आणि ब्रिटिश युद्धनौका यांच्या माऱ्यापुढे वर आली. ९ खलाशी मेले, ४८ वाचले. मार्चमध्ये यू-३९२ वरील सर्व ५२ आणि मेमध्ये यू-७३१ वरील सर्व ५४ जण बुडाले. काही पाणबुड्या या पहाऱ्यातूनही निसटल्या. पण वाट आता सुरक्षित राहिली नव्हती.

७/७
युद्धानंतर असेच चुंबकमापक जहाजांमागे ओढून समुद्रतळाचे नकाशे काढले गेले. त्यांत उमटलेल्या चुंबकीय पट्ट्यांनी समुद्रतळ पसरत असल्याचा मोठा पुरावा दिला. माणसांना बुडवण्यासाठी घडवलेल्या यंत्राने पुढे पृथ्वीचे चरित्र वाचले. त्या पट्ट्या अभ्यासताना पहिल्या थरथरीखाली श्वास रोखून बसलेले ते खलाशीही आठवावेत.