४१५ व्होल्ट, पण कशाचे?

घरावर सोलर बसवायचं ठरलं की बोलणं पैशांवरून सुरू होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर काळ्या काचा दिसू लागल्या. पॅनेल कोणत्या कंपनीचं, वॉरंटी किती वर्षांची, बिल खरंच शून्य येतं का, हे सगळे विचारतात. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये भिंतीवर एक प्लास्टिकची पेटी असते. तिच्यात काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्याकडे ते बाबांनी विचारलं.

बाबा तीस वर्षं वायरमन होते. त्यांच्या काळात चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असायचे. फ्यूज सारखा उडायला लागला की लोक तारेचे चार पदर जास्त घालायचे. मग फ्यूज उडायचा थांबायचा आणि भिंतीतली वायर तापायला लागायची. अशी जळालेली घरं बाबांनी पाहिली आहेत. ब्रेकर यंत्रासाठी नसतो, वायरसाठी असतो, हे त्यांचं ठाम मत तिथून आलेलं.

काम करणारा मुलगा ओळखीतलाच, बाबांच्या दिवंगत मित्राचा. त्यानं पेटीत घरात लावतो तीच साधी एमसीबी लावली होती.

"काका, हिच्यावर ४१५ व्होल्ट लिहिलंय. आपली स्ट्रिंग तीनशेची."

"अरे, पण ४१५ कशाचे?"

हिशेब त्याचा बरोबर होता. ५४० वॅटची सहा पॅनेल एकापुढे एक जोडली, प्रत्येकाचे उघडे व्होल्ट पन्नासच्या आसपास, म्हणजे तीनशे. थंडीच्या सकाळी आणखी थोडे, कारण पॅनेल गार पडलं की व्होल्टेज चढतं. पण एमसीबीवरच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ होती, म्हणजे एसी. घरातली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. ब्रेकर उघडताना आत जो जाळ पेटतो, तो त्या शून्यावर विझतो. पॅनेलची वीज डीसी. तिला शून्य नाही. तो जाळ तसाच पेटता राहून पेटीच वितळवू शकतो. म्हणून डीसीचा ब्रेकर वेगळा बनवतात. जाळ ताणून, तुकडे करून विझवण्याची सोय त्यात असते. काहींमध्ये त्यासाठी लोहचुंबक असतं. अशा ब्रेकरवर अधिक-उणेच्या खुणा असतात, आणि जोडणी उलटी झाली तर चुंबक जाळ भलत्याच बाजूला ढकलतं. डीसीची खूण म्हणजे सरळ आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ.

दुसरी गोष्ट मला तेव्हाच कळली. या पॅनेलचा चालू प्रवाह साधारण १३ अँपिअर आणि पूर्ण शॉर्ट केलं तरी १४. म्हणजे एकाच स्ट्रिंगवर १६ची एमसीबी लावली, तर शॉर्ट होऊनही ती पडणार नाही. तिथं तिचं काम मुख्यतः स्विचचं, भर उन्हात भार तोडण्याचं. तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर असतील तर गोष्ट निराळी. बाकीच्यांचा प्रवाह बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलटा शिरू शकतो, म्हणून प्रत्येकीला सोलरसाठीचा डीसी फ्यूज लागतो.

इन्व्हर्टरच्या पुढे मात्र नेहमीचा एसी हिशेब. तीन किलोवॅट भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर, त्याच्या सव्वापट १६च्या थोडं वर, म्हणून २०ची एमसीबी आणि २० सहज पेलणारी वायर. घरगुती एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. गच्चीवरच्या तापलेल्या पेटीत ती लवकर पडते, नेमकी दुपारी, वीज सगळ्यांत जास्त बनत असताना. मग कुणीतरी ३२ची लावतं. बाबांच्या भाषेत, हे पुन्हा तारेचे चार पदर. पेटी सावलीत न्यावी, स्क्रू घट्ट आहेत का बघावं, वायर मोजावी. आकडा वाढवायचा तो त्यानंतर.

मुलगा दुखावला. "काका, सात घरं केलीत अशीच. एकाची तक्रार नाही."

"कारण ती भर दुपारी पाडायची वेळ अजून कुणावर आलेली नाही."

आईला वाटत होतं, मीटर बसायच्या आधी वाद नको, पोराचं मन मोडू नये. बाबा म्हणाले, त्याच्या बापानं हेच विचारलं असतं. लाइट गेली की इन्व्हर्टर थांबतो, पण पॅनेलपासून खाली येणाऱ्या तारा ऊन असेपर्यंत जिवंत असतात. सूर्याला मेन स्विच नाही. आग लागली आणि कुणी धावत येऊन ती पेटी उघडली, तर खटका दाबल्यावर वीज तुटलीच पाहिजे.

आमची एमसीबी त्यानं दोन दिवसांत बदलली, फरकाचे पैसे घेतले नाहीत. मग बाबांना सोबत घेऊन आधीच्या सातही घरी गेला. चार घरांनी बदलून घेतली. तिघांनी "चालतंय ना?" म्हणून चहा पाजून परत पाठवलं. त्या तीन घरांच्या पेट्यांवर बाबांनी निदान एक कागद चिकटवला, आमच्या पेटीवर आहे तसाच: आधी एसी बंद, मग डीसी. त्या क्रमानं बंद केलं तर डीसीचा खटका उघडताना भार उरलेला नसतो. घाईत तो क्रम कुणाला आठवेल की नाही, हे कागदाच्या हातात नाही.