धावड्याच्या बांधावरचा पाहुणा

दोस्तांनो, अजिंठ्याची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. लेणी पाहून झाली, की सगळे परत फिरतात. तुम्ही मात्र एखाद्या हिवाळ्यात तिथून बुलढाण्याच्या रस्त्याला लागा. वाटेत धावडा लागेल. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव. जवळच अजिंठ्याचा डोंगर, पायथ्याला शेतं. धावडा नावाचं एक झाडही आहे बरं का! कोरड्या डोंगरात वाढणारं, डिंक देणारं.

या डोंगराकाठी सकाळी लवकर बांधावर चला. ज्वारीची कणसं, घाणेरीची झुडपं नीट न्याहाळा. नशीब असेल तर आठ-दहा तपकिरी पक्षी दिसतील. तुम्ही म्हणाल, "हॅ, ह्या तर चिमण्या!" थांबा, घाई नको. छातीवर उभ्या रेघा आहेत? चोच जाड, आखूड? आणि त्यांच्यातच एखादा डोक्यावर, छातीवर गुलाल उधळल्यासारखा? मग ओळखलंत! हा गुलाबी फिंच. इंग्रजीत कॉमन रोझफिंच.

हा पाहुणा येतो तरी कुठून? उन्हाळ्यात तो हिमालयाच्या उंच उतारांवर आणि त्याही पलीकडे, पार सायबेरियापर्यंत घरटी करतो. थंडी पडू लागली, की दक्षिणेकडे निघतो. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम! सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तो आपल्याकडच्या डोंगररानांत येऊ लागतो आणि एप्रिलच्या सुमाराला परततो. इथं बिया, कळ्या, घाणेरीची फळं, फुलांतला मध यांवर त्याची गुजराण चालते. बांबूला बी आलं, की मग काय, मेजवानीच!

आता एक गंमत. मादी तपकिरीच असते आणि पहिल्या वर्षी नरसुद्धा तसाच दिसतो. लाल रंग येतो नंतर. नव्या पिसांच्या फिकट कडा झिजत जातात, तसा तो वसंतात आणखी खुलतो. या रंगाचं मूळ त्याच्या खाण्यात असतं. म्हणून पिंजऱ्यात कोंडलं, की पुढच्या वेळी पिसं गळून नवी येतात ती फिकट, पिवळसर! ज्या रंगासाठी त्याला पकडायचं, तोच रंग हातातून निसटतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असे रानपक्षी पकडणं किंवा मारणं गुन्हा आहेच. पण बांधावर कुठला पोलीस उभा असणार? तिथं असता तुम्ही, आणि कधीकधी तुमच्या खिशात असते गलोल. 'चिमणीच तर आहे,' म्हणून मारलेला खडा हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला लागू शकतो. आणि चिमणी असली, तरी तिनं तुमचं काय बिघडवलंय?

तेव्हा या हिवाळ्यात गलोल घरी ठेवा. वही घ्या. तारीख, जागा, झाड, पक्षी किती, लाल किती, सगळं लिहा. पुढच्या वर्षी त्याच बांधावर पुन्हा जा. पाहुणे परत आले का, हे मग तुम्हीच सांगू शकाल.